खालिद जमीलला घडवणारी आय-लीग आपण कधी पाहिली का?

दालन: क्रीडांगण
धागाकर्ता: बालेवाडीचा_जिना
सप्टेंबर २०२५

मंडळी,

परवा ताजिकिस्तानात आपल्या भारतीय फुटबॉल संघाने ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं आणि काफा नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक घेतला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोघांनी विचारलं, "हा नवा कोच खालिद जमील कोण? कुठून आणलाय?" उत्तर देताना मला भरून आलं.

त्याला कुठूनही आणलेलं नाही. तो आपल्या शेजारीच होता. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळला आणि मग २००९ ते २०१६ अशी सात वर्षं मुंबई एफसीचाच प्रशिक्षक राहिला. हाताशी पैसे कमी, मैदानाचा भरवसा नाही, तरी दर हंगामात संघ आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या फुटबॉल लीगमध्ये, टिकवून दाखवायचा. तो गेला आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली. त्याच हंगामात खालिदने मिझोरामच्या ऐझॉल एफसीला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. हे सगळं जिथे घडलं ती आय-लीग आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली?

मी पुण्याचा. पुणे एफसी २००९-१० मध्ये पहिल्यांदा आय-लीग खेळली आणि थेट तिसरी आली. तेव्हापासून मी आणि बाबा बालेवाडीला जायचो. कोथरूडहून दोन बस बदलून. बाबांना फुटबॉलचं फार कळत नव्हतं, पण अराता इझुमी त्यांना मनापासून आवडायचा. जपानमध्ये जन्मलेला हा मुलगा इथे राहिला, पुण्याकडून खेळत राहिला, जपानचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि भारताकडून खेळला. "आपल्याकडचं कोणी असं करेल का रे?" असं बाबा दर सामन्याला विचारायचे. २०१२-१३ ला आम्ही उपविजेते होतो. शेवटच्या घरच्या सामन्यानंतर बाबा जिन्यावर थांबून टाळ्या वाजवत राहिले होते. आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्यांत त्या टाळ्या किती मोठ्याने वाजल्या ते अजून कानात आहे.

मित्रांना सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आय-लीग? ती बी ग्रेड रे." त्यातल्या एकानेही एक सामना पाहिलेला नव्हता. मँचेस्टरसाठी रात्री एकपर्यंत जागणारी मुलं दहा किलोमीटरवरच्या बालेवाडीला आली नाहीत. मीही मँचेस्टर बघतो, तक्रार त्याची नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल इतकं पक्कं मत कसं तयार होतं, हे मला समजून घ्यायचंय.

२०१४-१५ च्या एकाच मोसमात बालेवाडीच्या मैदानावर तीन संघ होते: पुणे एफसी आणि भारत एफसी आय-लीगमध्ये, पुणे सिटी आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग). पुढे डीएसके शिवाजीयन्स आला. २०१९ संपेपर्यंत चारांपैकी एकही उरला नाही. पन्नास लाखांच्या वर वस्तीच्या शहराला वरच्या पातळीवर एक संघ नाही. आपल्या लीगचं नाव खराब झालं म्हणून संघ गेले, की संघ असे येऊन जाऊन राहिले म्हणून नाव खराब झालं?

ज्यांनी मैदानात जाऊन पाहिलंय त्यांनी लिहा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी का नाही ते लिहा.

———

मडगांवची_सांज
धाग्याबद्दल आभार. आमच्या जखमेवरच बोट ठेवलंत.

आय-लीग २००७ ला सुरू झाली. त्याआधी १९९६ पासून तीच स्पर्धा नॅशनल फुटबॉल लीग नावाने चालायची. आय-लीगची पहिली सहा विजेतेपदं कुठे गेली सांगते: धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सहाच्या सहा गोव्यात. पंधरा लाख लोकांचं राज्य, आणि कोलकात्याच्या बलाढ्य क्लबांना सहा वर्षं करंडकाला हात लावू दिला नाही. आर्मांदो कुलासो सरांच्या धेंपोने २००८ ला एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. भारतीय क्लबसाठी ती केवढी मोठी गोष्ट होती!

मी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमजवळ वाढले. सामन्याच्या दिवशी आमच्या वाड्यावर दुपारचं जेवण लवकर उरकायचं. पप्पा साळगावकरचे, मामा चर्चिलचे. त्या दिवसापुरतं दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत आणि संध्याकाळी एकाच स्कूटरवरून घरी यायचे. बी ग्रेड हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. आमच्यासाठी ती देशाची लीग होती.

मग २०१६ आलं. भारतीय फुटबॉल महासंघाने आराखडा मांडला की आयएसएल वर आणि आय-लीग खाली. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी त्याच वर्षी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो तर खालच्या विभागातून जिंकून नुकताच वर आला होता. खाणी बंद झाल्यापासून पैसा आटला होता हेही खरं, कारण आमचे मोठे क्लब खाणवाल्या घराण्यांचे. पण मला विचाराल तर पैशाहून मान दुखावला होता. पाच वेळा देशाचे विजेते झालेल्या धेंपोला सांगितलं गेलं की आजपासून तुम्ही दुसऱ्या नंबरचे. मैदानात न हरता दुसऱ्या नंबरवर जायचं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: नाव लोकांनी खराब केलं नाही. कागदावर "दुसरी" लिहिलं गेलं, लोकांनी तेच वाचलं.

———

टेकडीवरचा_वारा
एक शंका. मी फुटबॉल नवीनच बघायला लागलोय. आय-लीग जिंकली की आयएसएलमध्ये जाता येतं ना? मग दुसरी असली तर काय बिघडलं? इंग्लंडमध्येही चॅम्पियनशिप दुसरीच आहे, तरी तिथे स्टेडियम भरतात.

———

बालेवाडीचा_जिना
@टेकडीवरचा_वारा, प्रश्न अगदी बरोबर आहे. तिथे जिंकलेला वर जातो आणि हरलेला खाली येतो, म्हणून दुसरीतही जीव असतो. आपल्याकडे कित्येक वर्षं हे दारच नव्हतं. २०१७ मध्ये ऐझॉल देशाचा विजेता झाला. त्याच वर्षी आयएसएलमध्ये दोन नवे संघ घेतले, बेंगळुरू आणि जमशेदपूर. दोन्ही बोली लावून आले. विजेता बाहेर राहिला.

पुढे २०१९ ला आशियाई महासंघाच्या मध्यस्थीने आराखडा ठरला, आणि २०२२-२३ च्या विजेत्यापासून वर जाण्याची वाट उघडली. पंजाब एफसी २०२३ ला आणि मोहमेडन स्पोर्टिंग २०२४ ला वर गेले. पण वरून खाली मात्र २०२५ पर्यंत कोणीच आलेलं नव्हतं. अर्धं दार उघडं, अर्धं बंद.

———

दप्तरदिरंगाई
वर जाण्याचा विषय निघालाच आहे तर २०२४-२५ च्या हंगामाचं लिहितो, कारण माझ्या मते लोकांचा विश्वास तिथेच उडाला.

एप्रिलमध्ये शेवटचा सामना झाला तेव्हा गुणतक्त्यावर चर्चिल ४० आणि इंटर काशी ३९. पण नामधारीविरुद्धच्या एका सामन्यात समोरच्यांनी अपात्र खेळाडू उतरवला, असा काशीचा दावा होता. ते तीन गुण मिळाले तर काशी ४२. महासंघाच्या एका समितीने एक निर्णय दिला, अपील समितीने तो फिरवला आणि चर्चिलला विजेते घोषित केलं. काशीवाले स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेले. १८ जुलैला तिथून निकाल आला: विजेता इंटर काशी.

म्हणजे देशाच्या लीगचा विजेता तीन महिन्यांनी, परदेशात, वकिलांच्या युक्तिवादातून ठरला. मी दोन्हीपैकी कुणाचाही समर्थक नाही. चर्चिलच्या पोरांनी ट्रॉफी आपली समजून आनंद केला असेल, काशीच्या पोरांना मैदानात उड्या मारताच आल्या नाहीत. दोघांचाही तो क्षण गेला. आणि जिंकून वर जायचं म्हटलं तर वरची लीग ११ जुलै २०२५ पासून थांबलेली होती, ती चालवण्याच्या हक्कांचा करार त्याच डिसेंबरात संपत होता आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं.

शाळेतल्या मुलाला हे कसं समजावणार? माझ्या पुतण्याने विचारलं, "काका, मग गोल कशाला मारायचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

———

करवीरची_हलगी
राम राम. कोल्हापूरकर आला नाही तर फुटबॉलचा धागा पुरा कसा व्हायचा.

तुम्ही रिकाम्या खुर्च्या म्हणता, आमच्याकडे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मुंगीला जागा नसते. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असो की शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध प्रॅक्टिस क्लब, दुपारी तीनलाच पेठा ओस पडतात. दुकानदार शटर अर्धं ओढून निघतो. माझा आजा तालमीत लाल मातीत कुस्ती करायचा आणि त्याच तालमीच्या नावाने माझा बाप फुटबॉल खेळला. तालमी तशाच राहिल्या, खेळ वाढला. आमच्याकडे संघ म्हणजे कंपनी नाही, पेठ आहे. पोरगं जन्मलं की कुठल्या संघाचं ते ठरलेलं असतं.

आता माझं म्हणणं ऐका. आमच्या स्पर्धेचा दर्जा आय-लीगपेक्षा खाली आहे, हे कोल्हापूरचा कोणीही प्रामाणिक माणूस कबूल करील. मैदान चांगलं आहे, पोरांच्या अंगात रग आहे, पण शास्त्रशुद्ध सराव उशिरा मिळतो. अनिकेत जाधव आमचाच. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडून खेळला, मग इंडियन ॲरोज या महासंघाच्या तरुण संघातून आय-लीग खेळला. आय-लीग ही त्याची शिडी होती. निखिल कदम मुंबई एफसीतून पुढे मोहन बागानपर्यंत गेला. म्हणजे दर्जा तिथे आणि माणसं इथे. दर्जा चांगला म्हणून गर्दी येते हे खरं असतं तर बालेवाडी भरली असती आणि शाहू स्टेडियम रिकामं राहिलं असतं. माणूस आपल्या माणसाला बघायला येतो.

वाईटही लिहितो, लपवत नाही. आमच्याकडे ईर्ष्या कधीकधी हातघाईवर येते. दगड पडलेत, सामने थांबलेत, त्यामुळे घरच्या बायका-पोरी यायच्या थांबल्या. मी स्वतः माझ्या बहिणीला "आज नको" असं म्हटलंय आणि त्याचा मला सल आहे. तिला माझ्यापेक्षा खेळ जास्त कळतो.

पण एवढी गर्दी असून कोल्हापूरचा एक संघ राष्ट्रीय लीगमध्ये नाही. पेठ आपलं नाव सोडायला तयार नाही, आणि सगळ्या पेठांचा मिळून एक संघ केला तर त्याला कोण आपला म्हणणार? ह्याचं उत्तर आम्हालाच शोधायला हवं.

———

जाईजुई
करवीर, बहिणीबद्दल लिहिलंत ते मनाला लागलं. तिला घेऊन जा.

———

पूर्वांचल_रजेवर
बँकेतल्या नोकरीमुळे मी २०१६ ते २०१८ ऐझॉलला होतो. बदलीची ऑर्डर आली तेव्हा घरी रडारड झाली होती, आता तिथली आठवण निघाली की बायकोच म्हणते, परत जाऊया.

ऐझॉल म्हणजे डोंगराच्या धारेवर टांगलेलं शहर. सपाट जागा शोधून सापडत नाही, त्यामुळे मैदान म्हणजे देवळाइतकी जपलेली जागा. रविवारी सगळं बंद, सगळे चर्चमध्ये. बाकी दिवशी संध्याकाळी मिळेल त्या तुकड्यावर मुलं चेंडू खेळत असतात.

आदल्या हंगामात ऐझॉल एफसी लीगमधून बाहेर फेकली गेली होती. गोव्याचे संघ सोडून गेले म्हणून त्यांना परत घेतलं. (मडगांवताई, तुमच्या दुःखातूनच त्यांची संधी निघाली.) प्रशिक्षक आला तो मुंबईने सोडलेला खालिद. इतर मोठ्या क्लबांच्या मानाने पैसा अगदीच कमी. सुरुवातीला आमच्या शाखेतले मिझो सहकारीसुद्धा म्हणायचे, यंदा टिकलो तरी पुष्कळ.

२२ एप्रिल २०१७. घरच्या मैदानावर समोर मोहन बागान. आम्हीही गेलो. जागा नव्हती म्हणून लोक भोवतालच्या उतारावर छत्र्या घेऊन उभे. दुसऱ्या सत्रात झोमिंगलियाना राल्तेने हेडरवर गोल केला आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हात असा घट्ट धरला की बोटं दुखली. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. १-० जिंकलो. "जिंकलो" लिहितोय, कारण तेव्हा मी ऐझॉलचाच होतो.

आठ दिवसांनी शिलाँगमध्ये लाजाँगशी बरोबरी झाली आणि एका गुणाने विजेतेपद आलं: ऐझॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय विजेता. त्या रात्री त्या शिस्तीच्या शहरात मी पहिल्यांदा हॉर्न ऐकले. तिथे एरवी कोणी हॉर्न वाजवत नाही.

सुट्टीत सोलापूरला आल्यावर मी हे सांगितलं तर कुणालाच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात सगळे आयपीएल बघत होते. वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर एक चौकट आली होती. एवढी मोठी गोष्ट एका चौकटीत मावली.

———

बालेवाडीचा_जिना
@पूर्वांचल_रजेवर, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली.

———

अशोकनगर_पश्चिम
मी बेंगळुरूत असतो, चिंचवडचा आहे. थोडं वेगळं मत मांडतो.

बेंगळुरू एफसी २०१३ ला कंपनीने उभा केला आणि त्याला थेट आय-लीगमध्ये प्रवेश मिळाला. पेठ नाही, वारसा नाही. पहिल्याच हंगामात विजेते, २०१६ ला परत विजेते, आणि त्याच वर्षी एएफसी कपाच्या अंतिम फेरीत. मी अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल मैदानावर पश्चिम बाजूला उभा राहायचो. तिथली घोषणाबाजी आजही चालू आहे, कंठीरवा स्टेडियमवर.

म्हणून कंपनीचा संघ म्हणजे उपरा हे मला पटत नाही. ते पहिल्या दिवसापासून शहराच्या नावाने आणि शहराच्या भाषेत बोलले, तिकीट कुठे मिळेल ते सहज कळायचं, सामना सुरू व्हायच्या दोन तास आधी स्टँडमध्ये हालचाल असायची. आणि सुनील छेत्री होता, त्याचा वाटा कुणी नाकारू नये. बालेवाडीला मी सुट्टीत दोनदा गेलो होतो. गेट कुठलं, तिकीट कुठे, हेच कळेना. शहराबाहेर हायवेला, सामना संपल्यावर रिक्षा नाही. ज्याला आधीच ओढ आहे तो येईल. ज्याला ओढ लागायची आहे तो कसा येणार?

———

दप्तरदिरंगाई
+१. मुंबई एफसीचे घरचे सामने तर मुंबईतल्या कुपरेज मैदानाचं काम चालू असताना बालेवाडीलाच झाले. अंधेरीच्या माणसाने घरचा सामना बघायला द्रुतगती मार्गावरून पुण्याला जायचं!

———

लिफीकाठ
डब्लिनहून लिहितेय, मूळची नाशिकची. इथेही हेच दुखणं होतं म्हणून सांगावंसं वाटलं.

आयर्लंडची स्वतःची लीग आहे, लीग ऑफ आयर्लंड. पण शनिवारी अर्धा देश टीव्हीसमोर बसून लिव्हरपूल, युनायटेड, सेल्टिक बघतो. माझा घरमालकच म्हणायचा, "आमची लीग? वेळ घालवू नको." शॅमरॉक रोव्हर्स हा इथला सर्वांत यशस्वी क्लब. त्यांचं मैदान १९८७ ला विकलं गेलं आणि पुढची २२ वर्षं ते दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळले. २००९ ला टाला भागात स्थानिक कौन्सिलच्या मालकीचं स्टेडियम मिळालं, तेव्हा घर मिळालं. मुंबई एफसीचं वाचून तेच आठवलं.

मी बोहेमियन्सचे सामने बघते. क्लब सभासदांच्या मालकीचा, वर्गणी भरून मालक होता येतं. मैदान जुनं, एक बाजू मोडकळीला आलेली. पण सामना बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी असतो, हे सगळ्यांना पाठ झालंय. इंग्लंडचे सामने शनिवार-रविवारी, म्हणून टक्कर नाही. कामावरून सुटायचं, चिप्स घ्यायच्या, मैदानात जायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत बोहेमियन्स आणि रोव्हर्स मोठ्या अविवा स्टेडियमवर खेळले तेव्हा ३३ हजारांहून जास्त लोक आले. लीगचा तो विक्रम ठरला. मी होते. घरमालकही होता, नातवाला घेऊन.

आपल्या लीगचा सामना कोणत्या वारी, किती वाजता असतो?

———

बालेवाडीचा_जिना
@लिफीकाठ, तुमच्या शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. कारण उत्तर असं आहे की ठरलेलं नसतं. कधी मंगळवारी दुपारी दोनला, कारण मैदानावर दिवे नाहीत. श्रीनगरात तर थंडीमुळे आणि लवकर मावळणाऱ्या उजेडामुळे सकाळी साडेअकराला खेळावं लागलं, तरीही तिथे लोक आले. रिअल काश्मीरचा तो पहिला हंगाम, २०१८-१९. संघ तिसरा आला होता.

आणि बघायचं कुठे, तेही दरवर्षी बदलतं. २०१८ च्या डिसेंबरात, हंगाम निम्म्यावर असताना, टीव्हीवर मोजकेच सामने दाखवायचं ठरलं आणि बाकीचे गायब झाले. त्यानंतर चॅनल बदललं, परत बदललं, यूट्यूबवर आलं, मग ॲपवर. गेल्या हंगामात मी एका ॲपचे पैसे भरले. पहिल्याच सामन्यात कॅमेरा इतका लांब होता की पाठीवरचे आकडे दिसेनात, आणि गोल झाला तेव्हा चित्र गोठलेलं होतं. मुलगी सात वर्षांची. तिने विचारलं, "बाबा, हे खरे प्लेअर आहेत का?" तिच्या डोळ्यांना सवय आहे बारा कॅमेऱ्यांची. तिच्या दृष्टीने ज्याचा चेहरा दिसत नाही तो खरा खेळाडूच नाही.

बी ग्रेड हे मत असंच तयार होत असावं. खेळ कसा आहे यावरून नाही, तो दिसतो कसा यावरून. फगवाड्याच्या जेसीटीने, देशाच्या पहिल्यावहिल्या राष्ट्रीय लीगच्या विजेत्याने, २०११ ला संघ बंद केला तेव्हा हेच कारण दिलं होतं: लोकांसमोर खेळ पोहोचत नाही. त्याच्या एक वर्ष आधी महिंद्रा युनायटेड गेली होती. चौदा वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आहे ही.

———

मडगांवची_सांज
दिसण्याचं पटतं. पण एक जोडते. धेंपो २०२४-२५ च्या हंगामात परत आय-लीगमध्ये आला. खालच्या पायरीवरून खेळून, कुणाकडे काही न मागता. पप्पा आता ७४ वर्षांचे. साळगावकरचे असूनही धेंपोच्या पहिल्या सामन्याला फातोर्ड्याला गेले. "आपल्यातला एक तरी आला," म्हणाले. मामा नाहीत आता.

———

अशोकनगर_पश्चिम
ताई 🙏

———

टेकडीवरचा_वारा
मी विचारलेल्या प्रश्नावर एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी पुण्यातलाच, बाणेरला राहतो, बालेवाडीपासून पाच मिनिटांवर. २०१० नंतर तिथे लीगचे सामने होत होते हेच मला माहीत नव्हतं. भारताकडून खेळणारा छांगते पुण्याच्या डीएसके अकादमीत शिकला हेही आज शोधलं तेव्हा कळलं. पुढे तो आयएसएलमधल्या मुंबई सिटीचा कर्णधार झाला. तेव्हा कदाचित आमच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसला असेल.

आता काय करता येईल? सह्यांची मोहीम वगैरे?

———

दप्तरदिरंगाई
सह्यांनी वरचं भांडण सुटणार नाही, ते न्यायालयात सुटेल. पण मी एवढं करणार आहे: नवीन हंगामाचं वेळापत्रक आलं की दर आठवड्याला इथे मराठीत टाकेन. कोण, कुठे, किती वाजता, कुठे दिसेल. लिफीकाठ यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर निदान इथे तरी असावं. निकालही टाकेन. कुणी मदत करणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

———

पूर्वांचल_रजेवर
ऐझॉलच्या सामन्यांचं मी लिहीन. तिथले सहकारी अजून फोटो पाठवतात.

———

करवीरची_हलगी
जिनाभाऊ, बाबांना आणि पोरीला घेऊन कोल्हापूरला या. आमचा मोसम सुरू झाला की कळवतो. राहायची सोय माझ्या घरी. पाठीवरचे आकडे काय, खेळाडूच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसेल अशा पायरीवर बसवतो. तिने विचारलं तर सांगा, हे खरे प्लेअर आहेत आणि त्यातला एक समोरच्या गल्लीत राहतो.

आणि जाईजुई, बहिणीला विचारलं. "तू ने, मग बघ कसं ओरडते," म्हणाली. ह्या खेपेला ती येणार.

———

बालेवाडीचा_जिना
येतो. बाबांचा गुडघा दुखतो, वरच्या पायऱ्या चढवणार नाहीत. खालच्या रांगेत तीन जागा धरून ठेवा.